बाबांना सायकल येत नव्हती

माझी मैत्रीण आष्टीची आणि मी आंजीची. आमची गाठ पडली ती वर्ध्याला, कॉलेजच्या पहिल्या वर्षी, भाड्याच्या एका खोलीत. पुढच्या भागात घरमालकीण काकू राहायच्या. मागची खोली त्या फक्त मुलींना द्यायच्या आणि दिवेलागणीला बाहेरच्या दाराला कडी घालायच्या. खोलीत दोन खाटा, एक स्टोव्ह आणि गल्लीकडे उघडणारी एक खिडकी. पहिल्या दिवशी मी माझी लोखंडी पेटी खाटेखाली सरकवत होते, तेव्हा ती खिडकीत बसून वहीत काहीतरी लिहीत होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "तुले झुरळाचं भेव वाटते का?"

मी म्हटलं, वाटते.

"मंग खिडकीजवळची खाट तू घे. कोपऱ्यात लई आहेत," असं म्हणून तिनं आपली चादर उचलली.

तिला लिहायचं वेड होतं. बाजारात, बसमध्ये, काकूंच्या ओसरीवर जे कानावर पडेल ते ती लिहून ठेवायची. अक्षर मात्र कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. माझं अक्षर चांगलं होतं. शाळेत सुविचाराचा फळा कायम माझ्याकडे असायचा. त्यातून आमचं हस्तलिखित सुरू झालं. महिन्याला एक अंक आणि अंकाची प्रत एकच. मजकूर तिचा, अक्षर माझं. मी रेघा आखून, समास सोडून, निळ्या शाईनं लिहायचे आणि मथळ्यांना लाल शाई वापरायचे. वरून खाकी कागदाचं कव्हर.

अंक आधी काकू वाचायच्या. त्यांच्याकडून शेजारी, तिथून पलीकडच्या गल्लीत, असा तो महिनाभर फिरायचा आणि परत यायचा तेव्हा त्याला कुणाच्या घरच्या फोडणीचा, कुणाच्या घरच्या उदबत्तीचा वास असायचा. शेवटची दोन पानं आम्ही वाचकांच्या अभिप्रायासाठी कोरी सोडत असू. एकीनं लिहिलं होतं, "गोळाभाताच्या कृतीत गोळ्यांना तेलाचं मोहन द्यायचं लिहायचं राहिलं आहे. बाकी छान." दुसरीनं लिहिलं होतं, "बसमधल्या भांडणाचा लेख वाचून आमचे हे हसले. ते सहसा हसत नाहीत." त्या दुसऱ्या अभिप्रायानं आम्ही दोघी आठवडाभर हवेत होतो. कॉलेजला जाताना ती मधेच थांबून म्हणायची, "ते सहसा हसत नाहीत," आणि पुन्हा चालायला लागायची.

तीन वर्षं आम्ही त्या खोलीत काढली. मग मला वर्ध्यालाच सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली आणि ती आष्टीकडे शाळेवर शिक्षिका म्हणून गेली. लग्नं झाली, मुलं झाली. हस्तलिखित बंद पडलं ते कुणी बंद केलं नाही. एका महिन्यात राहून गेलं, मग दुसऱ्या महिन्यात. अंक तिच्याकडे काही, माझ्याकडे काही, असे राहिले. माझ्याकडचे वर्ध्याजवळ बोरगावला घर बांधलं तेव्हाच्या धांदलीत वाळवीनं खाल्ले. आम्ही लग्नाकार्यात भेटायचो. फोनवर बोलणं व्हायचं ते बहुतेक तब्येतीचं.

तिच्या निवृत्तीनंतर तीनेक वर्षांनी तिचे यजमान गेले. त्या वर्षी ती फारशी बोलत नसे. मग एका रविवारी सकाळी माझ्या फोनवर तिचं एक पत्र आलं. ते मला एकटीला नव्हतं, अनेकांना होतं. तिच्या सुनेनं तिला इंटरनेटवर एक जागा उघडून दिली होती. तिथे लेख लिहिला की ज्यांनी नाव नोंदवलं त्या सगळ्यांच्या ईमेलमध्ये तो जाऊन पडतो. काही लेख सगळ्यांसाठी आणि बाकीचे वर्गणी भरणाऱ्यांसाठी. मी त्याच दिवशी मुलीला फोन करून वर्गणी कशी भरायची ते विचारून घेतलं.

ते पहिले लेख मला अजून तोंडपाठ आहेत. काकूंच्या कडीचा एक होता. कडीचा आवाज कसा यायचा, आणि पावसाळ्यात ती कडी गंजून बसली तेव्हा आतून बंद झालेल्या काकूच कशा गल्लीतल्या लोकांना हाका मारत होत्या, हे वाचताना मी स्वयंपाकघरात उभी होते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. माझ्या झुरळाच्या भीतीवरही एक लेख आला. वाक्य अर्धवट सोडून भलतीकडे जाणं, मधेच वऱ्हाडी शब्द घालणं, एखादी गोष्ट सांगता सांगता "असो, ते नंतर" म्हणून ती कधीच न सांगणं, हे सगळं जसंच्या तसं होतं. रविवारी सकाळी चहा झाला की मी चष्मा लावून गॅलरीत बसायचे. माझे यजमान म्हणायचे, "आली का बाई तुही खोलीतली?"

तिला वाचक मिळाले. पुण्याचे, मुंबईचे, अमेरिकेतलेसुद्धा. मूळचे इकडचे आणि तिकडे जाऊन राहिलेले. ते तिला लांब लांब पत्रं लिहायचे. आठवड्याला एक लेख पुरेना, म्हणून ती बुधवारीही लिहू लागली.

गेल्या वर्षी केव्हातरी लेखांचा पोत बदलला. मला लगेच कळलं असं म्हणणार नाही. वाक्यं सरळ झाली, एकसारखी झाली. "असो, ते नंतर" नाहीसं झालं. प्रत्येक लेखाच्या शेवटी एक सुंदरसं वाक्य येऊ लागलं, भिंतीवर लावावं असं. मला वाटलं, सरावानं हात बसला असेल. माझ्या मैत्रिणीची भाषा सुधारली याचा मला थोडा अभिमानच वाटला.

मग थंडीच्या दिवसांत एका बुधवारी माझ्या बाबांवरचा लेख आला.

नाव नव्हतं, पण मैत्रिणीचे वडील, आंजी, तुरीच्या शेंगा, म्हणजे तेच. लेखात ते संध्याकाळच्या उन्हात सायकलवरून येतात. पांढरं धोतर, कॅरियरला सुतळीनं बांधलेलं गाठोडं. खिडकीखाली येऊन दोनदा घंटी वाजवतात आणि हाक न मारता कडुलिंबाच्या झाडाखाली उभे राहतात. खिडकी उघडली की नुसते हसतात. शेवटचं वाक्य होतं, "वडील बोलत नाहीत, ते फक्त वाट पाहतात."

बाबांना जाऊन तोवर वीसच्या वर वर्षं झाली होती. मी तो लेख वाचून रडले. यजमानांना वाचून दाखवला तेव्हा पुन्हा रडले. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची कागदावर प्रत काढून घेतली आणि त्या शनिवारी आंजीला धाकट्या भावाकडे घेऊन गेले. तो खळ्यातून आला, हातपाय धुतले, आणि दारातल्या उजेडात कागद धरून सावकाश वाचला. वाचून झाल्यावर म्हणाला, "चांगलं आहे. पण बाबांले सायकल कोठी येत होती?"

मी म्हटलं, "काय बोलतो?"

"अवो, लहानपणी शिकाले गेलते अन् नाल्यात पडले. दात पडला तो तवाच. मंग जन्मभर सायकलले हात नाई लावला. आपल्या घरी सायकल आली ते मी नोकरीले लागल्यावर."

मी बाजेवर बसून राहिले. बाबांचा पुढचा दात नव्हता हे मला माहीत होतं, नाल्याची गोष्टही माहीत होती. ते वर्ध्याला यायचे ते बसनं, नाहीतर कापसाच्या दिवसांत बैलबंडीनं. बंडी बाजारात सोडून पायी यायचे. आणि वाट पाहणं त्यांना ठाऊकच नव्हतं. गल्लीच्या तोंडापासूनच "पोरी, ओ पोरी" असा आवाज सुरू व्हायचा, की काकू आतून म्हणायच्या, आले तुझे वडील. आमच्या गल्लीत लिंबाचं झाडही नव्हतं.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी तीन दिवस मी बाबांना सायकलवर पाहत होते. अगदी चाकाचे आरे दिसत होते. घंटी ऐकू येत होती. भावानं सांगितल्यावरही ती सायकल डोळ्यांपुढून हलेना. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, लेखात थोडं इकडंतिकडं होते."

"थोडं नाई. बाबा पूर्णच दुसरे झाले."

यावर ती म्हणाली, "तू ये इकडं. फोनवर नाई सांगता येत."

मी दोन दिवसांनी सकाळच्या बसनं आर्वीवरून आष्टीला गेले. आर्वी सोडली की रस्त्याच्या कडेनं संत्र्याचे बगीचे लागतात. एरवी मी ते पाहत जाते. त्या दिवशी तिला काय काय बोलायचं ते मनात जुळवत गेले.

ती दारातच उभी होती. बारीक झाली होती. सून कामावर गेली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं आलूपोहे केले, माझ्यापुढे बशी ठेवली आणि समोर बसून म्हणाली, "तो लेख मी नाई लिहला. मशीननं लिहला."

मला आधी समजलंच नाही. तिनं फोन आणून दाखवलं. तिनं फोनमधल्या, लेख लिहून देणाऱ्या एआयला चार ओळी दिल्या होत्या: मैत्रिणीचे वडील, गाव आंजी, वर्ध्याला खोलीवर भेटायला येत, शेंगा आणत, हळवा लेख हवा. खाली तो अख्खा लेख होता, घंटीसकट.

"कवापासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. आधी शुद्धलेखन पाहाले देत होती. मंग शेवट जमत नसला का शेवट मागायची. मंग..." तिनं फोन उलटा करून ठेवला. "दोनदा लिहायचं कबूल करून बसली ना. लिहायले बसली का दोन ओळीत संपून जाये. माह्याजवळच्या गोष्टी सरल्या होत्या. अन् रविवार तं येतेच."

"मंग बंद करायचं."

"कसं करू? हे गेल्यावर माह्या दाराशी कोण येत होतं? लोकं वाट पाहतात, सकाळी उठून पत्र लेहतात मले. त्यायले काय सांगू, बाई रिकामी झाली म्हणून?"

मला खरं तर बसमध्ये जुळवलेलं सगळं बोलायचं होतं. पण तिनं ती पत्रं दाखवायला सुरुवात केली. अमेरिकेतून एक बाई लिहीत होत्या की त्यांच्या आजोळी हिंगणघाटला कापसाच्या गंजीवर खेळताना त्यांची चप्पल हरवली आणि कुणी रागावलं नाही. त्याला माझ्या मैत्रिणीचं उत्तर होतं. "गंजीत चप्पल गेली म्हणजे ती कापसाच्या गाठीत बांधून कुठच्या कुठे गेली असेल, तुम्ही नशीबवान, तुमची चप्पल तुमच्या आधी परदेशी गेली." असं पानभर. ते तिनंच लिहिलेलं होतं, वाचताच कळत होतं. प्रत्येक पत्राला तिनं असं स्वतः उत्तर दिलं होतं.

"हे मशीनकडून नाई लिहून घेतलं?" मी तरीही विचारलं.

"लोकायच्या पत्राले?" तिला तो प्रश्न विचित्रच वाटला.

मग मी म्हटलं, "माह्या बाबांचं काऊन दिलं त्याले? तू तं त्यायले पाहिलं होतं. दहादा पाहिलं होतं."

ती उठली. आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि पाणी न देता तसाच हातात धरून बसली.

"मी बसली होती लिहायले," ती म्हणाली. "पण तुह्या बाबांची माह्याजवळ एकच गोष्ट आहे, अन् ते सांगू नको म्हणले होते."

मग तिनं सांगितलं. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी परीक्षेला गेले होते. बाबा कापूस घेऊन आले होते, तसेच खोलीवर आले. काकूंच्या ओसरीवर बसले, पाणी प्याले. आमचा फिरून परत आलेला पोळ्याचा अंक तिथेच पडला होता. त्यांनी विचारलं, हे काय आहे? तिनं सांगितलं, आम्ही दोघींनी काढलेलं आहे, अक्षर तुमच्या मुलीचं. त्यांनी अंक हातात घेतला, उघडला, बराच वेळ पाहिला. मग हळूच तिला म्हणाले, "वाचून दाखव ना बाई."

मी तिला थांबवलं. "बाबांले वाचता येत होतं. माही कार्डं ते स्वतः वाचत."

"छापील वाचत, अक्षर लावून लावून. हातानं लिहलेलं त्यायले लागे नाई. तुही कार्डं ते मास्तरकडून वाचून घेत अन् तुले सांगत, मीच वाचलं. म्हणून तं म्हणले, पोरीले सांगू नको."

तिनं त्यांना अख्खा अंक वाचून दाखवला होता. ते ऐकताना बोट समासाच्या कडेनं फिरवत होते, शाईला हात न लावता. हाताला तेल-माती असेल म्हणून. एका ठिकाणी त्यांनी तिला थांबवलं. पोळ्याच्या वर्णनात तिनं तूर फुलल्याचं लिहिलं होतं. "तूर पोळ्याले फुलत नाई. दिवाळीच्या मांगंपुढं फुलते," ते म्हणाले. "तेवढं दुरुस्त करून घे. कोणी शेतकरी वाचन तं हासन." तिनं त्यांच्यासमोरच ती ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात दुसरी लिहिली.

ती हे सांगत होती आणि मला ते पान दिसलं. माझ्या स्वच्छ पानावरची ती काळी खाडाखोड आणि वर तिचं कोंबडीचं अक्षर. मी परीक्षेहून आल्यावर त्यावरून तिच्याशी भांडले होते, दोन दिवस अबोला धरला होता. एवढं सुंदर पान घाण केलंस, मला विचारता येत नव्हतं का, असं बरंच बोलले होते. ती तेव्हा काहीच म्हणाली नव्हती. "चूक होती ती," एवढंच.

"तवा तरी सांगायचं," मी म्हटलं.

"सांगू नको म्हणले होते ना."

पोहे गार झाले होते. तिनं हातातला तांब्या माझ्यापुढे केला आणि मी पाणी प्याले. रागही होता. तिच्यावर, आणि का कोण जाणे, बाबांवरही. कॉलेजच्या तीन वर्षांत मी त्यांना किती कार्डं पाठवली असतील, त्यातली काही फक्त त्यांच्यासाठी होती. ती सगळी मास्तरांनी वाचली. पण मग हेही वाटलं की त्यांनी ती कुणाकडून तरी वाचून घेतली, एकही तशीच ठेवली नाही.

निघताना ती म्हणाली, "हे लेहू का आता?"

"तू नको लेहू," मी म्हटलं. "लेहलं तं मी लेहीन."

तिनं मान हलवली. बसस्टँडपर्यंत माझ्यासोबत आली. बाजारातून जाताना तिनं मला अंबाडीची भाजी घेऊन दिली, वर्ध्याला मिळत नसल्यासारखी.

त्या रविवारी तिचं पत्र आलं ते अगदी छोटं होतं. तिनं सरळ लिहिलं होतं की उन्हाळ्यापासूनचे बरेच लेख आपण मशीनकडून लिहून घेतले, मैत्रिणीच्या वडिलांचा लेखही त्यातलाच, त्यांना सायकल येत नव्हती, आणि ज्यांना वर्गणी परत हवी असेल त्यांनी कळवावं. पुढे लिहिलं होतं की बुधवारचं पत्र आता येणार नाही आणि रविवारचंही सांगता येत नाही. काही सुचलं तर येईल.

बरेच लोक सोडून गेले. काहींनी कडक लिहिलं, ते तिनं मला फोनवर वाचून दाखवलं आणि म्हणाली, बरोबरच आहे. एका गृहस्थांनी लिहिलं की त्यांना सायकलचाच लेख आवडला होता आणि आता त्याचं काय करायचं ते कळत नाही. मला त्यांचं म्हणणं समजलं. माझ्याही डोळ्यांपुढे ती सायकल अजून कधीकधी येते. मग मी मुद्दाम गल्लीच्या तोंडापासूनचा तो आवाज आठवते, पडलेल्या दाताच्या फटीतून थोडी हवा जाणारा.

हिंगणघाटच्या त्या बाई राहिल्या. आणखीही काही राहिले. आता तिचं पत्र महिन्यातून एखादं येतं, कधी दोन महिन्यांनी. मी वाट पाहते, पण येत नाही म्हणून फोन करत नाही. आल्यावर मात्र करते.

परवाचं पत्र तिच्या पहिल्या शाळेतल्या एका बकरीबद्दल होतं. बकरी कुणाची हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ती रोज प्रार्थनेला यायची आणि राष्ट्रगीत संपलं की जायची. एक दिवस साहेब तपासणीला आले असताना ती वर्गात शिरली आणि टेबलावरच्या हजेरीपटाकडे गेली. तिथेच पत्र संपत होतं. खाली लिहिलं होतं, "पाहुणे आले आहेत. असो, ते नंतर."

मी लगेच फोन लावला. म्हटलं, "मंग बकरीनं काय केलं?"

"थांब वो," ती म्हणाली, "चहा उतू चालला."